दोन मिनिटांची विचारपूस

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी औषधवाल्यांनी दिली. दर वर्षी देतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात असते, म्हणून मी ती दर वर्षी सरळ रद्दीत घालते. यंदा लिहायला घेतली, कारण काल सभेत मंडळाच्या इतिवृत्ताची वही माझ्याकडून काढून घेतली. 'काढून घेतली' हे औषधवाल्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "ताई, एवढं तरी दुसऱ्याला करू द्या." अर्थ तोच.

झालं काय ते क्रमाने लिहिते.

विचारपूस मंडळ मी बारा वर्षांपूर्वी सुरू केलं, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर. पासष्टीच्या पुढची, एकटी राहणारी माणसं आमच्या यादीत असतात. रोज सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान प्रत्येकाला एक फोन. उठलात का, औषध घेतलंत का, काही हवंय का. कोणी उचलला नाही तर दहा मिनिटांनी दुसरा. तोही नाही उचलला तर किल्ली घेऊन घरी जायचं. प्रत्येकाच्या घराची एकेक किल्ली आमच्याकडे असते. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

यादीत एक्केचाळीस नावं आहेत. फोन करणारे सात. एके काळी आम्ही एकोणीस होतो.

काल फोन करणाऱ्यांपैकी कारकून आणि त्यांच्या बायकोने सांगितलं की त्यांची बदली झाली, एकतीस मार्चला ते गाव सोडणार. त्यांच्याकडे अकरा नावं आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे तेरा आहेत, ही अकरा मी घेते. औषधवाले म्हणाले, "ताई, तुम्ही एकाहत्तरच्या आहात. चोवीस फोन म्हणजे पहाटे पाचला सुरू करावे लागतील. पहाटे पाचला फोन आला तर धडधाकट माणूसही आडवा व्हायचा." सगळे हसले. मी हसले नाही.

ठरलं ते असं: एकतीसपर्यंत नवी माणसं मिळाली नाहीत तर त्या अकरा जणांना 'उद्यापासून फोन येणार नाही' असं सांगायचं. आणि सांगायचं मी. प्रमुख मी आहे ना.

मंडळाला दोन प्रमुख असावेत, असंही औषधवाल्यांनी सुचवलं. एका बोर्डावर दोन सुपरवायझर बसवले की दोघीही म्हणतात, तिने पाहिलं असेल. मी एक्स्चेंजमध्ये हे बघितलेलं आहे. तसं सांगितलं. विषय संपला.

९ फेब्रुवारी, रविवार

औषधांच्या दुकानात आणि वाचनालयात कागद लावले होते, त्यावर तिघं आली. एक बँकेतला तरुण, एक शिकवण्या घेणाऱ्या बाई आणि समोरच्या ब्यूटी पार्लरची मालकीण.

तिघांना नियम समजावून दिले. फोन दोन मिनिटांचा. त्यासाठी माझ्याकडे स्टॉपवॉच आहे, एक्स्चेंजमधल्या मुलींनी निरोपाला दिलेलं. पहिले तीन आठवडे फोन माझ्या घरून करायचे, स्पीकर लावून, मी शेजारी बसणार. एक्स्चेंजमध्ये नव्या मुलीच्या लाइनवर सुपरवायझर बसायची, तशीच ही पद्धत. चूक झाली की जागच्या जागी सांगता येते.

पार्लरवालीने हात वर केला. "मावशी, दोन मिनिटांत समोरच्याचं बोलणं संपलं नाही तर?"

मी म्हटलं, मला बहीण नाही, त्यामुळे मी कोणाची मावशी होऊच शकत नाही. भाऊ आहे. झालेच तर आत्या होईन.

"बरं आत्या. संपलं नाही तर?"

संपवायचं असतं, असं सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बँकवाला घाबरट आहे. "उठलात का?" ऐवजी "आहात का?" असं विचारलं त्याने. मी खूण करून थांबवलं आणि पुन्हा विचारायला लावलं. शिकवणीच्या बाई चांगल्या आहेत, पण प्रत्येक वाक्याआधी माझ्याकडे बघतात.

पार्लरवाली पोपटवाल्या आजींशी साडेअकरा मिनिटं बोलली. आजींचा पोपट गेली नऊ वर्षं माझे प्रश्न ऐकतो आहे. फोन वाजला की आजींच्या आधी तोच ओरडतो, "उठले! घेतली गोळी!" मी त्याला कधी दाद दिली नाही. पार्लरवालीने त्याला विचारलं, "कुठली गोळी घेतलीस रे? पांढरी का गुलाबी?" पलीकडे आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आपल्यामुळे माणसाला ठसका लागणं हे चांगलं नाही, असं मी तिला फोन ठेवल्यावर सांगितलं.

ती म्हणाली, "आत्या, त्या तुम्हाला कधी हसलेल्या ऐकू आल्यात?"

प्रश्न विचारपुशीच्या कक्षेबाहेरचा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बँकवाल्याने परीक्षेचं कारण सांगितलं. शिकवणीच्या बाईंची पाठ दुखते. पाठीचा आणि फोनचा काय संबंध?

गेल्या पाच वर्षांत आलेली सगळी अशीच गेली. आजच्या माणसांना शिस्त नको असते. औषधवाल्यांना हे म्हणाले, तर ते गोळ्यांची पाकिटं लावत राहिले. मग म्हणाले, "ताई, माझ्या शेजारी कोणी घड्याळ घेऊन बसलं तर मला माझ्या आईशीसुद्धा बोलता येणार नाही."

त्यांच्या आईला जाऊन सात वर्षं झाली. कशाला बोलायचं मग तसं?

२३ फेब्रुवारी, रविवार

भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे. उद्या त्याच्याकडे निघते, गुरुवारी परत. बारा वर्षांत मी सलग तीन सकाळी फोन केले नाहीत असं झालेलं नाही. माझी तेरा नावं वाटून दिली. टेलर मास्तर आणि पोपटवाल्या आजी पार्लरवालीकडे, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. तिच्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. 'मास्तर फोन तिसऱ्या घंटेला उचलतात, आधी नाही. घाबरू नये.' नऊ वर्षं झाली, त्यात बदल नाही. एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "हातातलं काम ठेवून येतो." त्या माणसाने दुकान बंद केलं त्यालाही सहा वर्षं झाली. कसलं काम करतात कोण जाणे.

किल्ल्यांचं कपाट औषधवाल्यांना दाखवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परत आले. जे घडलं त्यात माझा भाग किती, हे नीट लिहायचं आहे.

काल सकाळी मास्तरांनी फोन उचलला नाही. दहा मिनिटांनीही नाही. पार्लरवाली धावत औषधवाल्यांकडे गेली, दोघं माझ्या घरी आले, मी तीन दिवसांपुरती शेजारणीकडे ठेवलेली किल्ली घेऊन दार उघडलं, कपाट उघडलं. एक्केचाळीस किल्ल्या ओळीने टांगलेल्या. प्रत्येकीवर आकडा. नाव एकीवरही नाही.

नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. चोरी झाली तर चोराला घर कळू नये म्हणून. कोणता आकडा कोणाचा ती वही वेगळी असते. ती माझ्या पर्समध्ये होती, आणि पर्स माझ्या मांडीवर, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. फोन बंद ठेवा अशी पाटी होती. मी ठेवला. पाट्या पाळायच्या असतात.

त्यांनी सगळ्या किल्ल्या पिशवीत भरल्या आणि मास्तरांच्या दारात एकेक लावून पाहू लागले. सतरा लावून झाल्यावर औषधवाल्यांनी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्याने कुलूप तोडलं. मास्तर कापडं कापायच्या टेबलाच्या आणि भिंतीच्या मध्ये पडले होते. हाड मोडलेलं नाही. कमरेला मुका मार, आणि एक तास दहा मिनिटं फरशीवर.

मास्तरांची किल्ली एकतिसावी होती.

वही पर्समध्ये नेण्याचं कारण लिहायचा प्रयत्न केला. सुरक्षितता, असं लिहिलं आणि खोडलं. कपाटात ठेवली असती तरी ती माझ्याच घरात राहिली असती. पण मग मी नसताना ती कोणीही उघडून बघितली असती. हे खरं कारण आहे. वाचायला बरं दिसत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांना भेटायला गेले. पलंगावर उशीला टेकून बसले होते. घरभर चिंध्यांचे गठ्ठे, रंगाप्रमाणे लावलेले. मी उभ्यानेच सांगितलं की चूक माझी आहे.

"बसा तरी," ते म्हणाले. "चूक टेबलाची आहे. चाळीस वर्षं त्याच जागी आहे, आणि परवा अचानक मध्ये आलं."

मी म्हटलं, थट्टा नको. तासभर तुम्ही तसे पडून होतात.

"पण फोन वाजत होता ना! थांबला की पुन्हा सुरू. थांबला की पुन्हा. हात पोचत नव्हता, पण कळत होतं कोणीतरी पलीकडे बसून आहे. तोवर मी काही घाबरलो नाही."

पार्लरवालीला विचारलं. दारात किल्ल्या लावणं चाललं होतं तेव्हा ती बाजूला उभी राहून एका हाताने सारखी फोन लावत होती. नियम दोनदा करायचा आहे. तिने अठ्ठावीस वेळा केला.

 

२ मार्च, रविवार

सभा. किल्ल्यांची वही टेबलावर ठेवली आणि प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या नावांच्या किल्ल्या वाटून दिल्या. नावं लिहून. औषधवाल्यांनी पुन्हा दोन प्रमुखांचा विषय काढला. या वेळी मी एक्स्चेंजचं उदाहरण दिलं नाही. दुसरी प्रमुख कोण, असं विचारलं तेव्हा सगळे पार्लरवालीकडे बघत होते.

ती म्हणाली, "मला येऊन महिना नाही झाला. आत्यांना चालणार असेल तरच."

मी म्हटलं, चालवून घेईन. लाइनवर शेजारी बसायची पद्धतही बंद केली. तिनेच सांगितलं, मी मान हलवली. प्रामाणिकपणे लिहायचं तर कपाटात मागे तीन किल्ल्या अजून आहेत. देणार आहे.

अकरापैकी चार नावं तिने घेतली. सात उरली.

५ मार्च, बुधवार

तीन किल्ल्या दिल्या.

९ मार्च, रविवार

मास्तर काठी टेकत सभेला आले. यादीतलं माणूस सभेला यायची ही पहिलीच वेळ. औषधवाल्यांनी त्यांना सात नावांचं सांगितलं होतं, मला न विचारता.

"मला रोज एक फोन येतो," मास्तर म्हणाले. "मी चार करू शकतो की. तोंडाला काही झालेलं नाही माझ्या."

मी म्हटलं, ते कसं चालेल? ज्यांची विचारपूस करायची त्यांनीच ती करायची? आणि तुम्ही पुन्हा पडलात तर?

"तर चार माणसांना कळेल की मास्तरांचा फोन आला नाही. आता एकीलाच कळतं. कुठलं बरं?"

  पार्लरवाली म्हणाली की पोपटवाल्या आजीही तयार आहेत. तिने आधीच विचारून ठेवलं होतं. बारा वर्षं मी कागद लावत हिंडते, आणि हिने फोनवर बसल्या बसल्या विचारलं!

मी एकच अट घातली: दोन मिनिटांचा नियम. मास्तरांनी लगेच मान्य केला. "माप ठरलेलं असलं की काम सोपं. मी टेलर आहे."

१६ मार्च, रविवार

मास्तर चार, पोपटवाल्या आजी तीन. सातही नावं बसली. अकरांपैकी कोणालाच काही सांगावं लागणार नाही. मी त्यासाठी वाक्यं तयार करून ठेवली होती, ती फाडली.

पोपट आता आजींच्या फोनवरून दुसऱ्यांना विचारतो, "उठले? घेतली गोळी?" तक्रार आलेली नाही. उलट यादीतल्या निवृत्त वाचनालयवाल्यांनी विचारलं की मला पोपट मिळेल का.

यादीतून आणखी दोघांनी काम मागितलं आहे. पार्लरवालीने नियम मांडला की कोणाकडेही सातच्या वर नावं नकोत. मत घेतलं. विरोधात एक मत पडलं. माझ्याकडची सहा नावं गेली.

१७ मार्च, सोमवार

सात फोन आठला वीस कमी असतानाच संपले. कपाट आवरलं.

१८ मार्च, मंगळवार

कपाट पुन्हा आवरलं.

२३ मार्च, रविवार

किल्ल्यांचा हिशेब लावताना औषधवाले म्हणाले, "ताई, तुमच्या घराची किल्ली कोणाकडे?"

मी म्हटलं, माझ्याकडे. मी यादीत नाही.

मास्तरांनी चष्मा लावला आणि भिंतीवरचा नियमांचा कागद वाचायला घेतला. कागद माझ्या अक्षरातला आहे, बारा वर्षांपूर्वीचा. "नियम एक. वय पासष्टच्या पुढे. नियम दोन. घरात एकटे राहणारे. यात प्रमुख सोडून, असं कुठे दिसत नाही."

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"ठणठणीत असू नये असंही लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

मी पार्लरवालीकडे पाहिलं, म्हटलं ही तरी सांभाळून घेईल. तर ती वहीत नव्या किल्लीची नोंद कुठे करायची ते शोधत होती. बेचाळिसावा क्रमांक. किल्ली तिच्याकडे राहील, कारण तिचं दुकान समोरच. फोन मास्तर करतील. त्यांना फोन मी करायचे, आता ते मला करणार म्हणजे एक फोन वाचला. सव्वाआठपर्यंत त्यांचा आला नाही तर मी निघायचं. मंडळाच्या दृष्टीने सोयीचं आहे. म्हणून मान्य केलं.

२५ मार्च, मंगळवार

आठला दहा कमी. फोन.

"उठलात का?"

उठले. मी साडेपाचला उठते.

"औषध घेतलंत का?"

मला कसलंही औषध नाही. पित्ताचीसुद्धा गोळी लागत नाही. तेच तर सांगत होते, की या औषधवाल्यांच्या डायरीत—

"काही हवंय का?"

नको.

"बरं. दोन मिनिटं होत आली. ठेवतो." आणि ठेवला.

शब्दाला शब्द नियमाप्रमाणे. चूक काढायला जागा नाही. मी फोन हातात धरून थोडा वेळ बसले. डायरीचं सांगायचं राहिलं.

२६ मार्च, बुधवार

आज आधी ठरवून ठेवलं होतं. भावाच्या डोळ्याची पट्टी निघाली, त्याला पहिल्यांदा वहिनीचे पांढरे केस दिसले आणि तो म्हणाला, हे कधी झालं? हे सांगायचं होतं. 'पांढरे केस'पर्यंत पोचले, तर मास्तर म्हणाले, "ताई, वेळ."

मी विचारलं, तुमच्याकडे स्टॉपवॉच आहे का?

"नाही. मनात मोजतो. नऊ वर्षं ऐकलंय, दोन मिनिटं किती ते पाठ झालंय."

३० मार्च, रविवार

सभेत मी ठराव मांडला की फोन दोनऐवजी पाच मिनिटांचा असावा. कारण असं दिलं की यादीतल्यांची गरज आता वाढली आहे. औषधवाल्यांनी विचारलं, कोणाची? मी म्हटलं, साधारणपणे सगळ्यांची.

पार्लरवालीने अनुमोदन दिलं. तिचे फोन तसेही बारा मिनिटांचे असतात. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्ताच्या वहीत तिने तो लिहिला. अक्षर वाईट आहे, पण मजकूर बरोबर आहे. अंमल एक तारखेपासून.

कारकून आणि त्यांच्या बायकोला निरोप दिला. स्टॉपवॉच मी पार्लरवालीला दिलं. ती म्हणाली केसांच्या रंगाला उपयोगी पडेल.

३१ मार्च, सोमवार

मास्तरांनी दोन मिनिटांत ठेवला. नियम उद्यापासून आहे म्हणाले.

१ एप्रिल, मंगळवार

सहा फोन करून पावणेआठ वाजून गेले होते. आवरायचं काही नव्हतं. फोनजवळच्या खुर्चीवर बसले.

आठला दहा कमी असताना वाजला. हात पोचत होता. पण पहिल्या घंटेला उचलला तर वाट बघत बसले होते असं वाटेल. दुसरीही जाऊ दिली. तिसरीला उचलला.

"उठलात का?" मास्तर म्हणाले. "आज वेळ लागला. कामात होतात का?"

"हो," मी म्हटलं. "हातातलं काम ठेवून आले."

 पलीकडे मास्तर हसले, बराच वेळ. पाच मिनिटांतली बरीचशी त्यातच गेली, आणि मी त्यांना वेळ झाली असं सांगितलं नाही.